डोळ्यांची ओळख यंत्राला करून देताना

मोटर न्यूरॉन डिसीजसारख्या आजारात हातपाय आणि वाचा क्रमाक्रमाने दुबळी होत जातात. डोळ्यांच्या हालचाली मात्र बहुतेक रुग्णांत दीर्घकाळ टिकून राहतात. अशा रुग्णांसाठी नजरेवर चालणारा संगणक उपलब्ध आहे. पडद्यावरील अक्षराकडे रोखून पाहिले की ते अक्षर उमटते. परंतु त्याआधी यंत्राला त्या डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी हा प्रयत्न तीनदा फसला. “बाबांना आता समजत नाही,” असे मुलगा हळूच म्हणाला आणि क्षणभर मलाही ते पटले. सूनबाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, पलंगाची पाठ उचलली आणि चौथ्या वेळी जमले. गुरुजींनी लिहिलेले पहिले वाक्य होते, “पंखा मंद करा.” वाऱ्याने त्यांचे डोळे कोरडे पडून चुरचुरत होते, आणि ते आम्हां कोणाच्याच ध्यानी आले नव्हते.

असे का घडते? पडद्याखालील पट्टीतून न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यांवर पडतो. कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि पारपटलावर चमकणारा त्या प्रकाशाचा ठिपका टिपतो. या दोहोंच्या परस्पर स्थानावरून नजरेची दिशा ठरते. मात्र प्रत्येकाच्या डोळ्याची घडण निराळी असते. म्हणून पडद्यावर एकामागून एक, बहुधा ५ किंवा ९ ठिपके दाखवून यंत्र हिशेब जुळवते. येथे १ अंशाची चूक झाली, तर ६० सेंटीमीटर अंतरावर नजर सुमारे १ सेंटीमीटर सरकते आणि शेजारचेच अक्षर उमटते.

आपण पुढील काळजी घ्यावी. पडदा डोळ्यांपासून साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरवर, चेहऱ्याला समांतर ठेवावा. रुग्ण रेलून बसला असेल तर पडदाही तेवढाच कलता करावा. उन्हातही अवरक्त किरण असतात, म्हणून थेट ऊन टाळावे. चष्मा पुसून घ्यावा. बायफोकलची रेघ आड येत असेल, तर त्या अंतरासाठी एकाच नंबरचा चष्मा करता येईल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे. डोळे कोरडे असल्यास त्यांच्या सल्ल्याने थेंब घालावेत आणि थोडे थांबून मगच सुरुवात करावी. पापण्या जड झाल्या असतील किंवा तिरळेपणा असेल, तर कमी ठिपके किंवा एकाच डोळ्याचा पर्याय निवडावा. रुग्ण ताजातवाना असेल ती वेळ साधावी. दोन प्रयत्न फसले की विश्रांती द्यावी. चष्मा बदलल्यास किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यास कॅलिब्रेशन नव्याने करावे.

“नीट बघा ना!” असे मात्र म्हणू नये. रुग्ण नीटच बघत असतो.

वीज गेली, यंत्र बिघडले, तरी संवाद थांबू नये. ‘होय’साठी नजर वर, ‘नाही’साठी खाली, अशी साधी खूण घरात सर्वांनी आजच ठरवून ठेवावी. आणि ठिपके जुळत नसतील, तर रुग्णाच्या आकलनाविषयी शंका घेण्यापूर्वी खिडकी, चष्मा, पलंग आणि पंखा एकदा तपासून पाहावा.