बोरीकाठचा एक दिवस : प्रवास आणि भाषानिरीक्षण

‘कॅराव्हॅन’ हा शब्द मराठीत इंग्रजीवाटे आला असला, तरी त्याचे मूळ फारसी ‘कारवान’ या शब्दात आहे. प्रवाशांचा व भारवाहू जनावरांचा तांडा हा त्याचा मूळ अर्थ. पुढे युरोपीय भाषांत तो झाकलेल्या गाडीस लागला आणि इंग्रजीत त्याचेच आखूड रूप ‘व्हॅन’ असे झाले. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या मोटारीस आज आपण कॅराव्हॅन म्हणतो. अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र धोरणही जाहीर केले. खानदेशास मात्र कारवान नवा नव्हे. सुरत-बऱ्हाणपूर हा मोगलकालीन व्यापारी मार्ग याच प्रदेशातून जात असे, आणि धान्य व मीठ वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे येथील जुन्या वाटांनी फिरत असत.

अशा गाडीने एका दिवसात नदीकाठचा एखादा ऐतिहासिक परिसर पाहावयाचा, तर भाषेच्या अभ्यासकाने तेथे काय ऐकावे, हे पारोळा-अमळनेर भागाच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गेल्या हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांसह केलेला एक दिवसाचा प्रवास त्यास आधारभूत आहे.

सकाळ पारोळ्यात गेली. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव लागते. येथील भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधविला. पुढे झाशीच्या नेवाळकर घराण्याशी त्याचा संबंध राहिला आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो जप्त केला. तट, बुरूज व खंदक यांचे अवशेष भर वस्तीत उभे आहेत. किल्ला आणि बालाजीचे मंदिर पाहिले की सामान्य प्रवाशाचे पारोळे संपते. अभ्यासकाचे तेथून पुढे सुरू होते.

किल्ल्याजवळील चहाच्या दुकानात एक गोष्ट ध्यानी आली. दुकानदार आमच्याशी स्वच्छ प्रमाण मराठीत बोलत होते. शेजारचे गृहस्थ येताच त्यांनी विचारले, “गावमा कोन शे?” आणि आमच्याकडे वळून पुन्हा प्रमाण मराठी सुरू केली. हे वाक्य अहिराणीचे. प्रमाण मराठीत आपण ‘गावात कोण आहे?’ असे म्हणू, तर गुजरातीत ‘गाममां कोण छे?’ असे म्हणतात. सप्तमीचा ‘-मा’ हा प्रत्यय आणि ‘शे’ हे क्रियापद ही दोन्ही गुजरातीस जवळची आहेत. याउलट ‘माले’, ‘तुले’ यांतील ‘-ले’ हा प्रत्यय वऱ्हाडीतही आढळतो. ‘डोळा’, ‘शाळा’ यांची ‘डोया’, ‘शाया’ अशी रूपे होतात. परंतु ‘ळ’ चा हा ‘य’ लेवागणबोलीत व वऱ्हाडीतही असल्यामुळे केवळ त्यावरून एखाद्याची बोली अहिराणी ठरविणे योग्य नव्हे. ‘पारोळा’ या नावातच ‘ळ’ आहे. ते नाव फलकावर वाचावे, आणि मग बाजारात कान देऊन ऐकावे.

दुपारी वाट थोडी वाकडी करून बोरीकाठच्या बहादरपुरास गेलो व तेथून अमळनेर गाठले. अमळनेर पारोळ्याहून सुमारे वीस किलोमीटर आहे. येथे संत सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रातच असून वैशाखात तेथे मोठी यात्रा भरते. तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना १९१६ ची. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथे शिक्षक होते. साहित्य संमेलने या गावी दोनदा झाली, १९५२ साली आणि २०२४ साली. पैकी पहिल्याचे अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी हे स्वतः भाषाशास्त्रज्ञ व व्युत्पत्तिकोशकार होते. प्रमाण मराठीची अशी प्रतिष्ठा असलेल्या गावात घरची बोली परक्यापुढे आवरून धरली जाते, यात नवल नाही.

येथेच कॅराव्हॅनचा खरा उपयोग दिसून आला. तासाभरात निघून जाणाऱ्या पाहुण्यास पाहुण्यांसाठी राखलेली भाषाच ऐकू येते. विल्यम लबाव्ह यांनी यास निरीक्षकाचा पेच म्हटले आहे : कोणी निरीक्षण करीत नसताना लोक कसे बोलतात हे आपणांस हवे असते, आणि ते मिळविण्यासाठी निरीक्षण तर करावेच लागते. आमची गाडी परवानगीने गावाबाहेर थांबली होती. संध्याकाळी तिच्याच ओट्यावर चहा होऊ लागला, चौकशीस आलेली मंडळी बसली, आणि तासाभराने आपसांत बोलू लागली. सकाळी जे एका वाक्यापुरते निसटले होते, ते आता ओघाने येऊ लागले.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ग्रियर्सन यांनी १९०७ च्या खंडात खानदेशीस मराठीत न घालता भिल्ल भाषांसमवेत घातले. योगायोग असा की बंजारीही त्याच खंडात आहे. मराठीच्या अनेक अभ्यासकांनी अहिराणीस मराठीची बोली मानले. हा वाद राहो. जनगणनेत खानदेशी भाषक १९९१ साली सुमारे ९.७ लाख, २००१ साली २०.७ लाख आणि २०११ साली १८.६ लाख नोंदले गेले. दहा वर्षांत एखादा भाषकसमाज जन्मामुळे दुप्पट होत नाही. बदलतात ती लोकांची उत्तरे आणि ती नोंदविण्याची रीत. चहाच्या दुकानातील ते गृहस्थ प्रगणकास ‘मराठी’ असे सांगतील तर ते असत्य ठरणार नाही. परंतु त्या एका उत्तराने त्यांचे सकाळचे वाक्य नोंदीतून नाहीसे होईल.

म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांस एवढेच सांगावयाचे : ‘आपली भाषा कोणती?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी गाडी उभी करावी, चहा ठेवावा आणि ऐकावे. किल्ल्याचा दगड आपली वाट पाहत थांबतो. पाहुण्यासमोर आवरलेली बोली पुढच्या पिढीपर्यंत थांबेलच असे नाही.