रक्तांतील साखर पळविणारी गांठ

पहाटेची वेळ. घरांतला एखादा शहाणासुरता माणूस उठतो, पण बोलतो भलतेंच. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत असलेले, माणसांची ओळख नाहीं. कोणी त्याला गोड चहा पाजतें आणि थोड्याच वेळांत तो पूर्ववत् होतो. मधलें कांहींच त्याला आठवत नाहीं. असें वरचेवर होऊं लागलें कीं कोणी अपस्मार म्हणतें, कोणी उन्माद. बाहेरची बाधा सुचविणारेंहि घरांत कोणी असतेंच. पोटाकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं.

जठराच्या मागें आडवें पडलेलें स्वादुपिंड पाचक रसाबरोबर इन्शुलिनहि निर्माण करतें. रक्तांतील साखर उतरली कीं तें हात आखडतें. परंतु इन्शुलिन करणाऱ्या पेशींचीच गांठ झाली, तर ती हा हिशेब पाळीत नाहीं. माणूस उपाशी असतांहि ती इन्शुलिन सोडीतच राहते, आणि साखरेवांचून मेंदूचें कार्य बिघडतें. या गांठीला इन्शुलिनोमा म्हणतात. ती वर्षाकाठीं १० लाख लोकांत जेमतेम १ ते ४ जणांना होते.

१९२७ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधून अशा पहिल्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याची गांठ यकृतांत पसरली होती. तो वांचला नाहीं. १९२९ सालीं मात्र टोरोंटोंत रॉस्को ग्रॅहम यांनीं गांठ काढून रोग्याला बरें केलें. इन्शुलिनचा शोध आठ वर्षांपूर्वीं याच नगरींत लागला होता.

निदानाची कसोटी न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनीं घालून दिली: उपवासानें झटका यावा, त्या वेळीं साखर उतरलेली असावी, साखर देतांच तो ओसरावा. आजहि रोग्याला रुग्णालयांत देखरेखीखालीं, लागल्यास ७२ तास, उपाशी ठेवतात. साखर उतरली असतां इन्शुलिन व त्याचा जोडीदार सी-पेप्टाइड हीं दोन्हीं मोजतात. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाहीं. त्यामुळें कोणी गुपचूप टोचून घेत असल्यास तेंहि उघडकीस येतें.

खरी कठीण गोष्ट पुढेंच. गांठ बहुधा २ सेंटिमीटरांहूनहि लहान असते. जठरांत दुर्बीण उतरवून तेथून ध्वनिलहरींनीं ती शोधतात. शस्त्रक्रियेच्या वेळीं स्वादुपिंडावर तसेंच यंत्र फिरवितात, आणि शल्यविशारदाचीं बोटेंहि कामीं येतात. दहांतील नऊ गांठी निरुपद्रवी असल्यानें ती तेवढीच सोलून काढली तरी पुरतें. मुख्य नलिकेला ती चिकटली असल्यास स्वादुपिंडाचा भागच कापावा लागतो; एरवीं पाचक रस झिरपून जखम चिघळते.

गांठ निघतांच साखर चढूं लागते, कित्येकदां कांहीं दिवस प्रमाणाबाहेरहि. झटक्याच्या भीतीनें रोज मध्यरात्रीं उठून खाणारा रोगी मग सकाळपर्यंत उपाशी झोपूं शकतो.