पथ्याचे पान पंगतीतच हवे

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आजाऱ्याच्या समाचाराला आलेला पाहुणा दोन गोष्टी हमखास आणतो: एक शहाळे आणि दुसरा सल्ला. मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्याला या दोहोंपासून जपावे लागते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि सल्ल्यात ‘हे बंद, ते बंद’ याखेरीज बहुधा काही नसते. मग आजाऱ्याचे पान निराळे मांडले जाते. अळणी भात, पाणचट भाजी. डाळ नाही, दही नाही. बिचारा चार दिवस निमूटपणे जेवतो आणि पाचव्या दिवसापासून अर्धपोटी उठू लागतो. हे अर्धपोटी उठणे साधे नव्हे. अंगातले मांस झडले की आजाराशी झगडण्याची ताकदच ओसरते. म्हणून आधीच सांगावेसे वाटते, की पथ्य म्हणजे उपासमार नव्हे.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सारा शरीराला परत करतात. हे काम मंदावले की मीठ साचून रक्तदाब व सूज वाढते, पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते, फॉस्फरस साचून हाडांना अपाय होतो, आणि प्रथिनांपासून उरणारा युरियाही तुंबतो. परंतु हे सारे प्रत्येकाच्या बाबतीत एकदम घडत नाही. एकाचे पोटॅशियम वाढलेले असते, दुसऱ्याचे नसते. तेव्हा शेजारच्या काकांची यादी आपल्या घरी कामाची नाही. आपल्या रक्ताचा अहवाल हीच आपली यादी. पाण्याचेही तेच. कोणाला ते मोजून प्यावे लागते, कोणाला नाही.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो डाळीच्या बाबतीत. डायलिसिस सर्वांच्या आवाक्यात नव्हते त्या काळात, म्हणजे १९६४ साली, इटलीतील जोव्हानेत्ती आणि माज्जोरे या डॉक्टरांनी अत्यल्प प्रथिनांचा आहार देऊन रोग्यांचा त्रास कमी होतो असे दाखविले. आजचा सर्वसाधारण दंडक असा, की डायलिसिसवर नसलेल्या प्रौढाने वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाने ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झाले की मात्र गणित उलटते. त्यात प्रथिनांचा काही अंश निघून जातो, म्हणून १ ते १.२ ग्रॅम लागतात. पण पुष्कळ घरांत पहिल्या अवस्थेतली ‘डाळ बंद’ची आज्ञा दुसऱ्या अवस्थेतही पाळली जाते, आणि माणूस खंगत जातो. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. तिला एवढे भिण्याचे कारण नाही. शिवाय डाळीतला फॉस्फरस शरीरात अर्धवटच शोषला जातो. बाटलीबंद काळी पेये आणि कारखान्यातले टिकाऊ पदार्थ यांत मिसळलेले फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळे अंगी लागते.

आता मीठ. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नव्हे, आणि त्यात बाजारच्या पदार्थांतले मीठही धरावयाचे. सैंधव किंवा पादेलोण घेतल्याने सुटका होत नाही. तेही मुख्यतः मीठच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, ते या आजारात विचारल्याशिवाय घेऊच नये. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, लोणच्याचे तर सांगावयासच नको.

मग इंदूरकराने सकाळचे पोहे सोडावेत काय? मुळीच नाही. पोहे निरुपद्रवीच, अपराधी आहेत वरची शेव आणि काळे मीठ घातलेले जिरावण. जिरे, धने, बडीशेप, मिरी भाजून बिनमिठाचे जिरावण घरीच कुटावे, वर लिंबू पिळावे आणि कोथिंबीर भुरभुरावी. आमटीलाही हिंग, जिरे, कढीपत्ता, आले यांची फोडणी सढळ हाताने द्यावी. कणकेत मीठ घालू नये. दिवसाचे मीठ सकाळीच लहान वाटीत काढून ठेवले म्हणजे हाताला वळण लागते.

पोटॅशियम वाढलेले असेल तर बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी फेकून द्यावे. बरेचसे पोटॅशियम त्याबरोबर जाते. दुधी, दोडका, कोबी या भाज्या आणि सफरचंद, नासपती, अननस ही फळे त्या मानाने सौम्य. पण आपल्याकडे खरी परीक्षा एकादशीची. शेंगदाणे, बटाटा, रताळे, केळे, खजूर, वर शहाळे! अशा आजाऱ्याला हा उपास जेवणाहून जड. देवाला हात जोडावेत आणि वरणभात जेवावा. कमरख मात्र कोणीही हौसेने पुढे केले तरी तोंडात घालू नये. या आजारात त्याने उचक्या, भ्रम, झटके येऊन जिवावर बेतल्याची उदाहरणे आहेत.

हे सारे सांभाळावयाचे म्हणजे आहारतज्ज्ञाकडे अहवाल घेऊन एकदा तरी जावे, आणि जाताना घरी स्वयंपाक करणाऱ्यालाही बरोबर न्यावे. कारण औषध आजारी माणूस घेतो, पथ्य मात्र साऱ्या घराला पाळावे लागते. आमटीतले मीठ सर्वांसाठीच थोडे कमी केले तर कोणाचे काही बिघडत नाही, उलट रक्तदाब असलेल्यांचे भलेच होते. आणि आजाऱ्याला त्याच पातेल्यातली आमटी, त्याच पंगतीत बसून, चार माणसांशी बोलत जेवता येते. अशा पानावर दोन घास जास्तच जातात, आणि त्याला आज त्या दोन घासांचीच गरज आहे.