भेट द्यायची मोगरी

पटाशीवर घाव घालायचा तो लाकडी मोगरीने. लोखंडी हातोडीचा सारा जोर इवल्याशा जागेवर पडतो आणि पटाशीची लाकडी मूठ फुलून चिरते. मोगरीचे तोंड रुंद, त्यामुळे घाव पसरतो. हौशी सुतारांनी एकमेकांना भेट द्यायला ही उत्तम वस्तू: सामान थोडे लागते आणि घेणाऱ्याच्या हाताला झेपेल तेवढे वजन ठेवता येते.

वजन ठरते लाकडावर. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या हौशी माणसाला त्यासाठी लांब जायला नको. साग, बाभूळ आणि अंजन ही तिन्ही झाडे निमाडातलीच. 14 × 9 × 6 सेंटिमीटरचे डोके सागाचे केले तर 500 ग्रॅमच्या आसपास भरते, बाभळीचे सुमारे 600, अंजनाचे 800पर्यंत. साग कपाटाला चांगला, मोगरीला हलका. अंजन इतके जड की त्याचा गाभा पाण्यात बुडतो. पण ते तासताना पटाशीची धार टिकत नाही. बैलगाडीची चाके ज्या बाभळीची होत, तीच इथे सरस. धक्के खाणे तिला नवे नाही.

लाकूड मात्र मुरलेले हवे. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ओला ठोकळा टोकांकडून भराभर वाळतो आणि तडकतो. म्हणून दोन्ही टोकांना मेण फासून तो सावलीत ठेवतात. जाड ठोकळ्याला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात.

खरे कसब दांड्याच्या भोकात आहे. ठोकळ्याच्या वर-खाली गुण्याने आखून आरपार चौकोनी भोक पाडायचे, तेही दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे, म्हणजे कडा फुटत नाहीत. वरच्या तोंडाशी भोक पुढे-मागे तीन-तीन मिलिमीटर जास्त लांब ठेवतात. दांडाही तसाच, वर रुंद आणि खाली निमुळता. तो वरून घालायचा. घाव घालताना डोके बाहेर फेकले जाऊ पाहते आणि दांड्याच्या रुंद भागावर अधिकच घट्ट बसते. पाचर नको, खिळा नको, सरसही नको. डोक्याची दोन्ही तोंडे खालच्या बाजूला किंचित आत उतरती कापतात, कारण हात कोपरातून फिरतो. तोंड सरळ ठेवले तर घाव कडेवर बसतो. शेवटी सगळ्या कडा रंध्याने मारायच्या, नाहीतर पहिल्याच दिवशी कपचा उडतो.

काचपेपरनंतर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात पुरतात. व्हार्निश टाळावे, चकचकीत मूठ हातातून निसटते. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत.

मोगरी देताना एवढे सांगून ठेवावे: उन्हाळ्यात लाकूड आकसून डोके सैल वाटले, तर मोगरी उलटी धरून दांड्याचे वरचे टोक दगडावर दोनदा आपटावे. डोके पुन्हा घट्ट बसते.