फिलिपाइन्समधील संततिनियमन व माहितीचा हक्क

एखादा जिन्नस दुकानांत ठेवावा कीं न ठेवावा, हें ठरविण्याची मुखत्यारी दुकानदाराची आहे. गिऱ्हाइकास त्याविषयीं रागावण्याचें कारण नाहीं. परंतु तो जिन्नस पलीकडच्या आळींत मिळतो हें ठाऊक असतांना, गिऱ्हाइकानें विचारल्यावर जो दुकानदार मुद्दाम तोंड मिटून बसतो, त्याच्या सचोटीविषयीं बाजारांत काय बोललें जातें हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. फिलिपाइन्स देशांत सरकारचें संततिनियमनाचें धोरण आणि कॅथलिक धर्मपीठ यांच्यामध्यें जो दीर्घ कलह झाला, त्याचें मर्म आमच्या मतें याच भेदांत आहे. आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालानें हा भेद स्पष्ट होण्याऐवजीं अधिकच पुसट झाला.

२०२० च्या खानेसुमारीप्रमाणें त्या देशांतील दर १०० माणसांपैकीं सुमारें ७९ कॅथलिक आहेत. १९८६ सालीं मार्कोस यांची हुकूमशाही उलथून पडली, त्या वेळीं मनिलाचे कार्डिनल सिन यांनीं लोकांस रस्त्यावर येण्याचें आवाहन केलें होतें. अशा धर्मपीठाचा शब्द राज्यकर्त्यांस सहजासहजीं डावलतां येत नाहीं. पोप सहावे पॉल यांनीं १९६८ सालीं काढलेल्या पत्रानें संततिनियमनाचीं सर्व कृत्रिम साधनें निषिद्ध ठरविलीं व ऋतुकालाचा हिशेब पाहून संयम पाळणें एवढाच मार्ग मोकळा ठेविला. हा उपदेश कोणास पटो वा न पटो, तो करण्याचा धर्मगुरूंचा हक्क आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्या जोडप्यास तो पटेल त्यानें तो खुशाल पाळावा. सरकारनें त्यांत पडूं नये.

तक्रारीस जागा होते ती हा धर्मोपदेश सरकारी दवाखान्याच्या उंबरठ्याआंत शिरला म्हणजे. मनिला शहराचे महापौर आतिएन्सा यांनीं २९ फेब्रुवारी २००० रोजीं एक हुकूम काढला. त्याचे शब्द मोठे सौम्य होते: शहर नैसर्गिक पद्धतीचा पुरस्कार करील व कृत्रिम साधनांपासून लोकांस परावृत्त करील, एवढेंच. परंतु वरिष्ठांचें मन ओळखण्याची कला सरकारी नोकरांस कोणी शिकवावी लागत नाहीं! शहराच्या दवाखान्यांतून गोळ्या, निरोध, तांबी व शस्त्रक्रिया हीं नाहींशीं झालीं आणि त्यांच्याबरोबर त्यांविषयीं बोलणेंहि बंद पडलें. पैसेवाल्या बाईचें यांत कांहींच अडलें नाहीं. तिला खाजगी डॉक्टर होता. अडलें तें मोफत दवाखान्यावांचून गति नसलेल्या झोपडपट्टींतील बाईचें. २००८ सालीं शहरांतील २० रहिवाशांनीं न्यायालयांत दाद मागितली. ती तांत्रिक कारणांवरून फेटाळली गेली. २०११ सालीं नव्या महापौरांनीं दुसरा हुकूम काढला, त्यांत कृत्रिम साधनांवर शहराचा पैसा न खर्चण्याचें धोरण कायम राहिलें. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनें चौकशी करून, मनिलांतील स्त्रियांच्या हक्कांचा गंभीर व पद्धतशीर भंग झाल्याचा अहवाल प्रसिद्ध केला तो २०१५ सालीं. पहिल्या हुकुमाच्या वर्षीं जन्मलेली मुलगी तोंवर १५ वर्षांची झाली होती.

मध्यंतरीं राष्ट्राध्यक्ष अकिनो यांनीं २१ डिसेंबर २०१२ रोजीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें नैसर्गिक व आधुनिक अशा दोन्ही पद्धतींची माहिती व साधनें गरिबांपर्यंत नेण्याचा भार सरकारवर घातला. गर्भपात हा पूर्वीप्रमाणें गुन्हाच राहिला, तरी या कायद्यास गर्भहत्येचा कायदा म्हणण्यास विरोधक चुकले नाहींत. त्यांतील आमच्या मतें सर्वांत मोलाचें कलम असें होतें कीं, जो डॉक्टर किंवा परिचारिका जाणूनबुजून माहिती दडवील अथवा खोटी माहिती देईल, त्यास शिक्षा व्हावी. मार्च २०१३ मध्यें न्यायालयानें कायदा स्थगित केला आणि ८ एप्रिल २०१४ रोजीं निकाल दिला. कायद्याचा बहुतेक भाग टिकला. परंतु धर्मश्रद्धेमुळें माहिती देण्याचें नाकारणाऱ्यास शिक्षा करणें घटनाबाह्य ठरलें. इतकेंच नव्हे, तर निकडीचा प्रसंग नसल्यास अशा डॉक्टरनें रोग्यास दुसऱ्या दवाखान्याची वाट दाखविण्याचेंहि बंधन उरलें नाहीं. गंमत अशी कीं, लग्नाचा परवाना हवा असल्यास वधूवरांनीं कुटुंबनियोजनाचें व्याख्यान ऐकल्याचा दाखला आणावा, हें कलम त्याच न्यायालयानें कायम केलें. म्हणजे ऐकण्याची सक्ती नागरिकावर. सांगण्याची मात्र डॉक्टरवर नाहीं!

सदसद्विवेकाचा मान आम्हीहि राखतों. ज्या डॉक्टरास तांबी बसविणें पाप वाटतें, त्याच्या हातून ती बसवून घेण्याचा आग्रह कोणीं धरूं नये. परंतु "पलीकडच्या दवाखान्यांत विचार" या तीन शब्दांनीं कोणाचा धर्म बुडतो, हें आम्हांस समजत नाहीं. शिवाय सरकारी डॉक्टर पगार घेतो तो सर्वांच्या करांतून.

धर्मपीठाच्या स्वतःच्या भाषणस्वातंत्र्याची तेथें काय स्थिति आहे हेंहि पाहण्यासारखें आहे. २०१३ च्या निवडणुकींत बाकोलोदच्या बिशपांनीं आपल्या कॅथीड्रलवर ६ फूट × १० फूट आकाराचा फलक लाविला. कायद्याविरुद्ध मत देणारे उमेदवार "जीवनाच्या पक्षाचे" व बाजूनें मत देणारे "मृत्यूच्या पक्षाचे" अशा नांवांच्या दोन याद्या त्यावर होत्या. निवडणूक आयोगानें तो काढावयास सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१५ मध्यें बिशपांचा हक्क उचलून धरला. आम्हांस हा निकाल योग्यच वाटतो. मात्र ज्यास एवढा मोठा फलक लावण्याची मोकळीक हवी, त्यानें दुसऱ्याच्या कानांवर हात ठेवूं नयेत.

कोणी म्हणेल, सरकारवर तरी विश्वास कां ठेवावा? हा आक्षेप पोकळ नाहीं. आमच्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं म्हणून तें अमलांत आलें नाहीं, एवढेंच. आणीबाणींतील नसबंदीच्या शिबिरांची दहशत ज्यांनीं पाहिली, ते सरकारच्या हाताला कदापि भोळेपणानें दुवा देणार नाहींत. परंतु सक्तीला उतारा अज्ञान नव्हे. ज्या बाईस सर्व पद्धती, त्यांचे गुण, धोके व नाकारण्याचा आपला अधिकार ठाऊक आहे, तिला फसविणें सरकारला व धर्मगुरूला सारखेंच कठीण जातें.

२०१५ सालीं न्यायालयानें हातांत बसविण्याच्या एका संततिप्रतिबंधक साधनाचें वाटप व त्याची जाहिरातहि थांबविली होती. नोव्हेंबर २०१७ मध्यें औषध-नियंत्रक खात्यानें ५१ साधनें गर्भपातक नाहींत असें प्रमाणित केल्यावर तो अडथळा दूर झाला. आतां उरला प्रश्न मौन धरणाऱ्या डॉक्टराचा. त्यावर आमची सूचना साधी आहे. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारावर, तेथील लोकांच्या टागालोग, सेबुआनो वगैरे भाषांत, नैसर्गिक पद्धतीसुद्धां सर्व पद्धतींची, त्या कोठें मिळतात त्या जागांची व वेळांची मोठी पाटी सरकारनें स्वतः लावावी. पाटीस धर्म नसतो, आणि तिला तोंड उघडण्यास कोणा डॉक्टराच्या संमतीची गरज पडत नाहीं. लोकजागृतीचें कलम कायद्यांत शाबूत आहे. तेव्हां २०१४ च्या निकालानेंहि अशा पाटीस मनाई केलेली नाहीं.