पहिला वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर बनवताय? आधी ठरवा, उष्णता कुठे जाणार आणि जोखीम कुणाकडे



परवा एका बॅचमध्ये पालीचा एक तरुण भेटला. गावात छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, सीसीटीव्ही, प्रिंटर असं सगळं करतो. म्हणाला, "सर, पहिली मोठी ऑर्डर आलीय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा ग्राहक आहे. त्याला पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर हवाय, काचेच्या कॅबिनेटचा, आत रंगीत पाणी फिरणारा. बजेट अडीच लाख. घेऊ का?"

मी एकच प्रश्न विचारला. "पाणी गळलं तर पैसे कोण भरणार?"

तो गप्प बसला. आजचा लेख त्या गप्प बसण्यावर आहे. तुम्ही कॉम्प्युटर बनवत नसाल तरी वाचा, कारण हिशोब सगळ्या धंद्यांना लागू पडतो.

पाणी नेमकं काय करतं?

पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथलं पाणी काही विस्तव लावून तापवलेलं नाही. जमिनीच्या पोटातली उष्णता ते वर घेऊन येतं. वॉटर-कूल्ड कॉम्प्युटरमध्ये हेच होतं. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. पंप त्यातून पाणी फिरवतो, पाणी उष्णता उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. पंखे ती खोलीत फेकतात. मोटारसायकलच्या रेडिएटरसारखंच समजा.

म्हणजे पाणी उष्णता संपवत नाही, फक्त जागा बदलून देतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

पाणी कशाला, हवा का नाही? कारण तेवढ्याच जागेत पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धरतं. मोठ्या मशीनमध्ये हे आपल्याकडेही वापरतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक थेट द्रवाने थंड ठेवला जातो. पण तिथे देखभालीला प्रशिक्षित माणसं असतात. तुमच्या ग्राहकाकडे फक्त तुमचा मोबाईल नंबर असतो.

पायरी १ : गरज आहे का, हे आधी विचारा

ग्राहक "वॉटर कूलिंग" म्हणतो तेव्हा त्याला तीनपैकी एक गोष्ट हवी असते: थंडपणा, शांतता किंवा दिखावा. कुठली ते विचारा, कारण उपाय वेगळे आहेत.

प्रोसेसर ६५ वॅटचा असेल तर चांगला एअर कूलर पुरतो. पाण्याची गरजच नाही. प्रोसेसर मोठा असेल, रात्रभर रेंडर चालत असेल, तर बंद पेटीतला तयार कूलर मिळतो, त्याला बाजारात एआयओ म्हणतात. पाणी कारखान्यातच भरलेलं असतं आणि वॉरंटी कंपनीची असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पाण्यावर घ्यायचे असतील, मशीन दिवसभर पूर्ण ताकदीवर चालणार असेल आणि ग्राहक त्याचे पैसे द्यायला तयार असेल, तरच पूर्ण कस्टम लूपचा विचार करा.

स्वस्त पर्याय सांगितला की ऑर्डर लहान होते, हे खरं. पण ग्राहक पुढच्या वेळी तुम्हालाच विचारतो, हेही तितकंच खरं.

पायरी २ : रंगापासून नाही, वॅटपासून सुरुवात करा

बहुतेक जण आधी पाण्याचा रंग ठरवतात. उलटं करा. कागद घ्या आणि उष्णता लिहा.

समजा, प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स आहे. तो पूर्ण भारावर सुमारे २३० वॅट घेऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८०, म्हणजे ३६० वॅट. बेरीज ५९०.

आता रेडिएटर. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याच्या जागेमागे साधारण १०० वॅट धरा. पंखे जोरात फिरवले तर जास्त निघतात, पण मग शांतता गेली. ५९० वॅटला सहा पंख्यांची जागा, म्हणजे ३६०चे दोन रेडिएटर. ते तुमच्या कॅबिनेटमध्ये बसतात का? रेडिएटरची जाडी अधिक पंख्याची जाडी मोजा, रॅमला आणि मदरबोर्डला घासत नाही ना ते बघा. कॅबिनेट या हिशोबानंतर घ्यायचं, आधी नाही.

अनेकांना वाटतं की पाणी कार्डातून उकळत बाहेर येतं. तसं नाही. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल तर ६०० वॅट उष्णतेने ते एका फेरीत जेमतेम ३ अंश तापतं. म्हणून आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावरून वाद घालू नका. ट्यूब जिथून सरळ आणि सोपी जाईल तिथून न्या. नियम एकच: टाकी पंपाच्या वर किंवा लगत हवी, पंप कोरडा फिरता कामा नये.

पायरी ३ : पालीचा मे महिना आणि पालीचा पाऊस

इंटरनेटवरचे व्हिडिओ थंड देशातले असतात. तिथे खोली २२ अंशांवर असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत ३६ अंश सहज होतात. साधं पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. पूर्ण भारावर ते खोलीपेक्षा १० ते १५ अंश वर राहील असं धरा. म्हणजे ५० अंशांपर्यंत जाईल. डी-५ जातीचा पंप साधारण ६० अंशांपर्यंत चालतो. तुमच्याकडे फक्त १० अंश हातात उरले. म्हणून आपल्याकडे एक रेडिएटर जास्त बरा, कमी नको.

आणि ते ६०० वॅट कुठे जातात? खोलीत. दहा बाय दहाच्या बंद खोलीत ते म्हणजे छोटा हीटरच. ग्राहकाला एक्झॉस्ट फॅन किंवा एसीबद्दल आधीच सांगा. नाहीतर फोन येईल, "तुमचा कॉम्प्युटर गरम होतो."

आता पाऊस. कुणीतरी हुशार माणूस सुचवेल, "बर्फाचं पाणी फिरवू या ना!" चुकूनही नको. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २७ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव जमतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसाच मदरबोर्डला येईल. गळतीशिवायच पाणी लागेल.

वीज गेली तर? पंप आणि प्रोसेसर एकदमच बंद पडतात, म्हणून तापून जळण्याची भीती कमी. नुकसान होतं ते अर्धवट फाईलचं. यूपीएस घेताना व्हीए बघून फसू नका. १००० व्हीएचे बरेच यूपीएस प्रत्यक्षात ६०० वॅटच देतात आणि आपलं मशीन मॉनिटरसकट त्याच्या वर जातं.

पायरी ४ : खरेदीची यादी

सगळं एका ठिकाणी मिळणार नाही. लॅमिंग्टन रोडला जायचं तर पालीहून खोपोली, तिथून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड. पूर्ण दिवस जातो. एक फिटिंग कमी पडलं तर दुसरा दिवस. म्हणून कागदावर लूपचं चित्र काढा आणि जोड मोजा. प्रत्येक भागाला एक आत, एक बाहेर. त्यावर दोन-तीन फिटिंग जास्तीची घ्या.

- धातू एकच. तांबं, पितळ आणि निकेल एकत्र चालतात. त्यात ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणू नका. स्वस्त मिळतो, पण गंजून आतला कचरा ब्लॉकमध्ये अडकतो.
- ट्यूब मऊ घ्या. कडक ट्यूब फोटोत छान दिसते, पण वाकवायला सराव लागतो. पहिल्या मशीनला मऊच. ट्यूबचा आतला-बाहेरचा व्यास आणि फिटिंगचा व्यास जुळला पाहिजे.
- कार्डाचा ब्लॉक अचूक मॉडेलचा. नाव तेच असलं तरी कंपनीप्रमाणे आतला बोर्ड वेगळा असतो.
- वॉरंटी लेखी विचारा. कार्डाचा मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.
- पाणी विहिरीचं, बोअरचं, फिल्टरचं नको. तयार कूलंट घ्या, तोही पारदर्शक. दुधाळ रंगाच्या कूलंटमधला गाळ बसतो.

पायरी ५ : गळती तुमच्या टेबलावर सापडली पाहिजे

आधी कोरडी चाचणी. हातपंप आणि मीटर असलेला लीक टेस्टर मिळतो. साधारण अर्धा बार दाब भरा, अर्धा तास थांबा. काटा खाली आला तर कुठेतरी जोड सैल आहे.

मग पाणी भरा, पण मदरबोर्डला आणि कार्डाला वीज देऊ नका. एसएमपीएसला जंपर प्लग लावून फक्त पंप चालू ठेवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर आणि २४ तास वाट बघा. कॅबिनेट हळूच तिरकं करून हवेचे बुडबुडे काढा. टिश्यू कोरडा राहिला तरच पुढे.

हे २४ तास वाचवणारा माणूस पुढे २४ दिवस भांडतो. आणि मशीन कुरियरने पाठवायचं असेल तर पाणी काढूनच पाठवा. वाकण-खोपोली रस्त्यावरचे खड्डे तुमची वॉरंटी बघत नाहीत.

पायरी ६ : आता खरा हिशोब

भाव रोज बदलतात, त्यामुळे हे आकडे फक्त समजण्यासाठी. धरून चला, सुट्या भागांची किंमत २,४०,००० आणि तुम्ही ५ टक्के लावले. हातात आले १२,०००.

मुंबईच्या दोन फेऱ्या, १,२०० गेले. दुरुस्तीसाठी ३ टक्के बाजूला ठेवलेच पाहिजेत, ७,२०० गेले. उरले ३,६००. आखणी, जोडणी, चाचणी आणि वर्षाने पाणी बदलून देणं, सगळे मिळून २४ तास धरा. तासाला मिळाले १५० रुपये.

याहून वाईट पुढे आहे. एका मशीनमध्ये पाणी गळून लाखाचं कार्ड गेलं, तर ते भरून काढायला अशी २८ मशीन विकावी लागतील. पालीत २८ मशीन कधी विकली जातील, तुम्हीच सांगा.

म्हणून टक्केवारीवर काम करू नका. मजुरी वेगळी लावा: आखणीचे पैसे, जोडणीचे पैसे, वार्षिक सर्व्हिसचे पैसे. खास मागवलेल्या भागांचे पूर्ण पैसे आगाऊ घ्या. ग्राहक "एवढी मजुरी?" म्हणाला तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा. ज्याला पटणार नाही, त्याचं मशीन हवेवर थंड करा.

पायरी ७ : एक पान लिहा

"आपला माणूस आहे, कागद कशाला?" असं म्हणू नका. आपला माणूस आपलाच राहावा म्हणून कागद. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. वस्तूच्या रचनेवर आणि चाचणीवर विक्रेत्याचं मोठं नियंत्रण असेल, किंवा त्याने वस्तूत बदल केला असेल, तर जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. कस्टम मशीनमध्ये रचनाही तुमची आणि चाचणीही तुमचीच.

पानावर पाच गोष्टी असू द्या:

१. कुठल्या भागाला कुणाची वॉरंटी, किती दिवस.
२. जोडणीची हमी तुमची, किती महिने.
३. पाणी कधी बदलायचं, त्याचे किती पैसे.
४. मशीन दुसऱ्याने उघडलं किंवा न विचारता हलवलं तर काय.
५. गळती दिसली तर आधी मेन स्विच बंद, मग फोन.

दोघांच्या सह्या, २४ तासांच्या चाचणीचे फोटो आणि तारीख. एवढं पुरे.

मग ऑर्डर घ्यायची की नाही?

पालीच्या त्या तरुणाला मी सांगितलं, पहिलं वॉटर-कूल्ड मशीन ग्राहकाचं नको, तुझं स्वतःचं कर. जुना प्रोसेसर, जुना मदरबोर्ड, फक्त लूप नवा. गळायचं तर तुझ्या टेबलावर गळू दे. एक पूर्ण मे महिना आणि एक पावसाळा ते चालव. रोज पाण्याचं तापमान वहीत लिही. पुढचा ग्राहक आला की ब्रोशर नको, ती वही दाखव.

त्याने ग्राहकाला फोन लावला. प्रोसेसरला ३६०चा एआयओ, कार्ड त्याच्या मूळ पंख्यांवर, काचेचं कॅबिनेट तसंच. वाचलेल्या पैशांत यूपीएस आणि बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क. लग्नाचे व्हिडिओ परत शूट होत नाहीत, हे त्या ग्राहकाला कुणी सांगावं लागलं नाही. ऑर्डर पंचवीस हजारांनी लहान झाली, पण झाली. मजुरी वेगळी मिळाली आणि कागदावर सहीसुद्धा.

सुरुवातीला म्हटलं होतं, पाणी उष्णता संपवत नाही, तिची जागा बदलतं. धंद्यातली जोखीमही तशीच. ती कंपनीकडून तुमच्याकडे येते, तुमच्याकडून ग्राहकाकडे जाते, पण नाहीशी होत नाही. तुम्ही ठरवलं नाही की ती कुठे राहणार, तर ती तुमच्याच गल्ल्यात येऊन बसते.

तुमच्या धंद्यातली अशी एक जोखीम आज वहीत लिहा आणि तिच्यासमोर एक नाव लिहा. नाव सुचलं नाही, तर समजा ते तुमचंच आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत टिश्यू कोरडा राहू दे!