चाकातल्या हवेची साक्ष

कलाशाखेच्या वार्षिक अंकात टायरच्या हवेवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु आपल्या पुष्कळ प्राध्यापकांच्या दारात आज मोटार आहे, आणि सुट्टीत घरच्या मोटारीने गावी जाणारे विद्यार्थीही थोडे नाहीत. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत वेगदर्शकाजवळ एक पिवळा दिवा असतो. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह, असे त्याचे रूप. ती आकृती म्हणजे टायरचा आडवा छेद होय. हवा कमी झाली की हा दिवा लागतो. पुष्कळजण तो पाहतात, आज-उद्या करतात आणि चार दिवसांत तो त्यांच्या अंगवळणी पडतो. याचे एक कारण असे की, दिवा नेमके काय सांगतो हे कोणी समजावून दिलेले नसते.

दिवा आला कोठून?

सन २००० च्या सुमारास अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ गाड्यांवरील फायरस्टोन टायर धावता धावता फाटून गाड्या उलटल्या. दोनशेहून अधिक मृत्यूंशी या टायरांचा संबंध जोडला गेला. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि पुढे २००७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींना ती लागू झाली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून, ही यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य सोबत असेल तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे अशा गाडीत दिव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला स्टेपनीचा आधारही उरत नाही.

यंत्रणेचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा वाल्वच्या बुडाशी, एक छोटे संवेदक यंत्र बसवलेले असते. ते दाब मोजते आणि रेडिओलहरींनी गाडीला कळवते. दुसऱ्या प्रकारात दाब कोणी मोजतच नाही. हवा कमी झालेले चाक किंचित बसते, त्याचा घेर लहान होतो, आणि तेवढेच अंतर कापताना ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेत चाकांचे फेरे मोजण्याची सोय असतेच. त्यावरून गाडी अनुमान काढते. पहिला प्रत्यक्ष पुरावा, दुसरा अनुमान. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा भेद सांगायला नको. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर अनुमान फसू शकते, हेही त्यांच्या ध्यानात येईल.

दिवा लागल्यावर

प्रथम पाहावे की दिवा स्थिर आहे की लुकलुकतो. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग तो स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत दोष यंत्रणेचा असतो. सुरुवातीपासून स्थिर असेल, तर हवा कमी आहे असे समजावे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाक बसलेले दिसत असेल, तर तशीच दामटू नये, कडेला घ्यावी.

एरवी हवा मोजावी, आणि तीही टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा म्हणजे टायर सोसू शकेल ती मर्यादा. तो पाहून हवा भरू नये. चारही चाके थोडी थोडी उतरली असतील, तर कारण ऋतुमान किंवा आपला आळस. एकच चाक बरेच उतरले असेल, तर खिळा किंवा वाल्व. साबणाचे पाणी लावताच बुडबुडे चोराचा पत्ता सांगतात.

थंडीत एक गंमत होते. समजा, चिठ्ठीवर आकडा ३३ आहे, म्हणजे चौरस इंचास ३३ पौंड. दाब त्याच्या चतुर्थांशाने घटला, म्हणजे पावणेपंचविसाच्या खाली गेला, की दिवा लागेल असे धरू. एका चाकात दुपारी ३० अंश उष्णतेत २७ हवा आहे. पहाटे तापमान १० अंशांवर येते, हवा आकुंचन पावते आणि दाब सुमारे २४ होतो. दिवा लागतो. आठ-दहा मैल गेल्यावर टायर तापतो, दाब चढतो, दिवा विझतो. चालक म्हणतो, “आपोआप बरे झाले.” वास्तविक त्या चाकात दुपारीही सहा पौंड हवा कमीच होती!

हवा भरूनही दिवा गेला नाही, तर पहिल्या प्रकारात गाडी थोडी चालवावी. उभ्या गाडीत संवेदक बहुधा निद्रिस्त असतात. दुसऱ्या प्रकारात बटण दाबून किंवा पडद्यावरच्या यादीतून यंत्रणेला नव्याने सुरुवात करून द्यावी लागते. मात्र हे चारही चाके मोजून, भरून झाल्यावरच करावे. कमी हवेवरच बटण दाबले, तर गाडी तीच हवा योग्य म्हणून शिकते आणि पुढे खुशाल गप्प बसते. दिवा विझतो, धोका मात्र राहतो.

यंत्रणेचाच दोष असेल, तर संशयित तीन: संवेदकाची संपलेली बॅटरी (ती साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि बहुधा बदलता येत नाही, संवेदकच नवा घ्यावा लागतो), टायर उतरवताना मोडलेला संवेदक, किंवा संवेदक नसलेली स्टेपनी. पंक्चरवाल्याला काम देतानाच “आत सेन्सर आहे” असे सांगावे.

एवढा खटाटोप कशासाठी?

हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडते, तापते, आणि आतले थर सुटू लागतात. गावातल्या रस्त्यावर वेग कमी असतो, मध्ये थांबेही मिळतात. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि तासन्‌तास त्या वेगाने जाणाऱ्या टायरला निवण्याची संधी मिळत नाही. तेथे फुटलेला टायर चालकाला विचार करायला सवड देत नाही.

हा दिवा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. बराच दाब जाईपर्यंत तो तोंड उघडत नाही, म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी साध्या गेजने हवा मोजण्याला पर्याय नाही. आणि तो बोललाच, तर त्याचे तोंड बंद करण्याआधी तो काय सांगतो ते ऐकून घ्यावे. गाडीत मागच्या बाकावर आपलीच माणसे बसलेली असतात.